धोट्याला तोंड

(जून १९५७. लालबागच्या चाळीतला गिरणीकामगारांचा गाळा, मंगळवार, सकाळचे नऊ. पथारीवर दत्ताराम घाडी, साचेवाला, म्हणजे मागावर कापड विणणारा. कोपऱ्यात त्याचा भाऊ लवू घोंगडी पांघरून झोपलेला. विमा योजनेचे डॉक्टर दत्तारामची छाती तपासतायत. दाराशी शिवा मोहिते, रिंगखात्यातला, म्हणजे सूत कातणाऱ्या खात्यातला.)

डॉक्टर : बोलू नका. आधी श्वास घ्या. खोल.

दत्ताराम : खोल जातच नाय, डॉक्टर. अर्ध्यावर अडता. हंय, उजव्या बरगडीखाली, सुरी खुपसल्यासारखा होता.

डॉक्टर : थुंकीचा रंग?

शिवा : विटकरी. मी बघितली. मोरीत थुंकला तेव्हाच म्हटलं, आता डॉक्टरला आणल्याशिवाय भागत नाय.

दत्ताराम : तुका कोणी बोलावलेलो?

शिवा : कोणी नाय. गाळ्यातली दहा माणसं पाळीला गेली, वैनी पेरणीला गावी. समोरच्या चाळीत तुझा खोकला ऐकू येत होता. कान बंद करून बसू?

डॉक्टर : भांडण नंतर. दत्ताराम, गेल्या सोमवारी ताप चढला. गुरुवारी मी आलो तेव्हा उतरला होता. मी काय सांगितलं होतं?

दत्ताराम : आठ दिवस पडून ऱ्हवा.

डॉक्टर : मग?

दत्ताराम : ताप गेल्यार माणूस बरो झालो, नाय?

शिवा : हा शुक्रवारी सकाळी सातला साच्यावर हजर, डॉक्टर. शनिवारी पण. रविवारी पुन्हा आडवा.

डॉक्टर : ताप गेला म्हणजे आजार गेला नाही हो. श्वासाच्या नळ्यांना आतून अस्तर असतं. त्यावर बारीक केस असतात, आत आलेली घाण ते वर ढकलत राहतात. या तापाचा जंतू ते अस्तर खरवडून टाकतो. ते भरून यायला दोन-तीन आठवडे लागतात. अंगातली सगळी शिबंदी पहिल्याशी झुंजून दमलेली. तेवढ्यात तुमच्याच घशातले दुसरे जंतू, एरवी गुपचूप बसलेले, खाली फुप्फुसात उतरतात. एक चोर दार फोडून गेला, दुसरा उघड्या दारातून आत आला. याला न्यूमोनिया म्हणतात. दंड पुढे करा.

दत्ताराम : ह्या काय?

डॉक्टर : पेनिसिलिन.

दत्ताराम : थांबा. पयल्या दिवशी मी हात जोडून मागितलेला, तेव्हा म्हणालात, ह्या तापाक पेनिसिलिन लागू पडत नाय. आता स्वतः टोचताव? 

डॉक्टर : तेव्हाही खरं बोललो, आताही खरं बोलतोय. पहिल्या चोराला या सुईची भीती नाही. दुसऱ्याला आहे. हात सैल सोडा.

दत्ताराम : आई गे!

शिवा : मोर्च्यात लाठी खाल्ली तेव्हा एवढा ओरडला नव्हतास.

डॉक्टर : छातीला आधी कधी काही?

दत्ताराम : खोकलो असताच. सव्वीस वर्सां कापसाच्या धुळीत काढली. सोमवारी जरा जास्त. रविवारची सुट्टी झाली की सोमवारी छाती आवळता.

शिवा : अश्रुधुराचं सांग ना. दीड वर्षापूर्वी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात फाउंटनला नळकांडी पायाशीच फुटली याच्या. महिनाभर खोकत होता.

डॉक्टर : म्हणजे फुप्फुसं आधीच झिजलेली. आता ऐका. मिनिटाला छत्तीस श्वास चाललेत. नखं बघा तुमची, निळसर झालीत. ही सुई पुरणार नाही. तुम्हाला प्राणवायू लागणार आहे, तो माझ्या बॅगेत मावत नाही. आत्ता, या क्षणी, परळच्या इस्पितळात चला. मी चिठ्ठी देतो.

दत्ताराम : उद्याचो दिवस गेल्यार जातंय.

डॉक्टर : उद्या काय आहे?

दत्ताराम : उद्या सातक साच्यावर माणूस उभो ऱ्हवाक होयो. अप्पा जॉबर, आमच्या खात्याचो मुकादम, काल सांगून गेलो: आजचो दिवस जोडी रिकामी ठेवतंय, उद्या दुसऱ्याक देतंय.

डॉक्टर : अहो, विम्याचा दाखला देतो मी. आजारपणात नोकरी जात नाही. कायदा आहे.

दत्ताराम : नोकरी नाय जायत. जोडी जायत.

डॉक्टर : जोडी?

शिवा : दोन साचे, डॉक्टर. एक साचेवाला दोन साचे सांभाळतो, त्याला जोडी म्हणतात. याची खिडकीकडची आहे. उजेड, वारा, बारीक सूत. अकरा वर्षं त्याच दोन साच्यांचे नखरे सांभाळतोय. कायद्याच्या भरवशावर बरा होऊन गेला, तर अप्पा म्हणणार, ये बाबा, तुझी नोकरी आहेच. आणि उभा करणार संडासाकडच्या जोडीवर, जिथं मिनिटाला धागा तुटतो.

दत्ताराम : आणि लवू? मी नसलंय की त्येका माझ्याच जोडीवर बदली मिळता. जोडी गेली की तो रस्त्यावर. कालपर्यंत तोच उभो होतो, संध्याकाळी हो असो कोसाळलो.

डॉक्टर : त्याला पाहिलंय मी. ताप आहे, छाती स्वच्छ आहे. तीस वर्षांचा गडी आहे, पडून राहिला तर निभावेल. पडून राहिला तर! एक विचारू? माझ्या यादीत तुमच्या गिरणीचे पंचेचाळीस आजारी आहेत. त्यातले एकतीस एकट्या साचाखात्यातले. रिंगखात्यात याहून जास्त माणसं, तिथले फक्त सहा. असं का?

शिवा : (हसून) ते तुम्हाला माहीत नाय?

डॉक्टर : मी गिरगावात राहतो हो. गिरणीच्या आत कधी गेलो नाही.

शिवा : सांग, दत्ताराम.

दत्ताराम : काय सांगू?

शिवा : धोटा कसा भरतोस ते.

दत्ताराम : कांडीवरचा सूत संपला की नवी कांडी धोट्यात घालूची. धोट्याक भोक असता, थंयसून धागो भायर येवक होयो. मग तोंड लावायचा आणि ओढायचा. सुप् केला की धागो तोंडात.

डॉक्टर : तोंडानं?

दत्ताराम : मग कशान?

डॉक्टर : दिवसातून किती वेळा?

दत्ताराम : दोनशे. अडीचशे.

डॉक्टर : आणि तोच धोटा पुढच्या पाळीचा माणूस...

शिवा : तोच. तीन पाळ्या, तीन तोंडं, धोटा एक.

डॉक्टर : अरे देवा. आणि शुक्रवारी, शनिवारी तुम्ही खोकत खोकत...

दत्ताराम : माका दम पुरत नव्हतो. लवू बाजूक होतो. एक कांडी मी ओढूची, एक तेणी.

डॉक्टर : एकाच धोट्यावर.

दत्ताराम : म्हणजे... लवूक मी दिलंय?

डॉक्टर : छातीवर हात ठेवून नाही सांगता येणार. एका गाळ्यात बारा माणसं झोपता, इथूनही लागला असेल. पण हा ताप थुंकीतून आणि खोकल्यातून जातो. एकतीस साचेवाले एकाच पंधरवड्यात पडतात, ते उगाच नाही.

दत्ताराम : आवशीन मरताना सांगितलेला, धाकट्याक सांभाळ. बरो सांभाळलंय!

डॉक्टर : तो वाचेल. तुमचं मला माहीत नाही. या आठवड्यात तुमच्यासारखे दोघं घरीच राहिले. दोघंही गेले. म्हणून स्पष्ट बोलतो. तोंड न लावता धागा ओढता येत नाही का?

दत्ताराम : तारेची आकडी असता. पण वेळ जाता. आमच्यात कोण वापरत नाय.

शिवा : कुर्ल्याला वापरायचो आम्ही.

डॉक्टर : तुम्ही? तुम्ही तर रिंगखात्यातले ना?

शिवा : आता. लढाईच्या दिवसांत कुर्ल्याच्या एका कारखान्यात दोन वर्षं साचे चालवले मी. तो बंद पडला तेव्हा इथं आलो. इथल्या साचाखात्यात मी अर्धा दिवस काम केलंय, डॉक्टर. फक्त अर्धा.

डॉक्टर : का?

शिवा : याला विचारा.

दत्ताराम : शिवा, आज तां उकरून काढू नको.

शिवा : मी कुठं काढतोय? डॉक्टरांनी विचारलं. रिंगखात्यात ताप कमी का? आम्ही तिथं जास्त, म्हणून. आणि आम्ही तिथं का? साच्यात धोट्याला तोंड लावायचं असतं, म्हणून. आमचं तोंड लागलेला धोटा ह्यांनी कसा तोंडात घ्यायचा? दुपारच्या सुट्टीनंतर वीस जणांनी साचे बंद केले. पहिला साचा बंद झाला तो खिडकीकडच्या जोडीतला.

डॉक्टर : दत्ताराम?

दत्ताराम : आठ वर्सां झाली तेका.

शिवा : आकडी होती माझ्या खिशात. काढून दाखवली तुला. म्हटलं, मी तोंड लावतच नाय, बघ. तू काय म्हणालास? 

दत्ताराम : (भिंतीकडे तोंड फिरवतो)

शिवा : जाऊ दे. दम नाय तुला.

दत्ताराम : म्हटलंय, आकडीक पण हात तुझोच लागतलो.

डॉक्टर : वेळ चाललाय. नखं आणखी निळी होतायत.

शिवा : तरी आपण बोलतो, डॉक्टर. फाउंटनला धूर सुटला तेव्हा माझा ओला पंचा यानं तोंडाला लावला, गच्च दाबून. मी म्हटलं, चला, एक साचा चालू झाला. दुसऱ्या दिवशी गिरणीत सगळं होतं तस्संच.

दत्ताराम : शिवा.

शिवा : काय?

दत्ताराम : तुमची पाळी चालू असा?

शिवा : कसली चालू! तुमचे साचे थांबले, मग सूत कोणाला हवंय? शनिवारपासून आम्हाला घरी बसवलंय.

दत्ताराम : मग उद्या सातक... माझ्या जोडीवर...

शिवा : बोल की पुरतं.

दत्ताराम : उभो ऱ्हवशील?

शिवा : अडला हरी, गाढवाचे पाय धरी! यातलं गाढव मीच, ना?

दत्ताराम : तू म्हणशील तां. माझो दम बघ. माका मरूचा नाय, शिवा. पण जोडी सोडून गेलंय, तर लवूचो काय? दुसरो साचेवालो बोलवलो तर तो जोडी सोडूचो नाय. तू सोडशील.

शिवा : वा! आठ वर्षांपूर्वी नको होतो कारण मी मी होतो. आज हवा आहे, तेही त्याच कारणानं? मला हाकलायला सोपं, म्हणून?

दत्ताराम : तसा नाय...

शिवा : तसंच आहे. डॉक्टर, तुम्ही याला एका बाजूनं आधार द्या, मी दुसऱ्या बाजूनं धरतो. इस्पितळात मी पोचवतो. त्याला काही अट नाय. साच्याचं मात्र वेगळं.

डॉक्टर : काय हवंय तुम्हाला?

शिवा : यानं अप्पा जॉबरला चिठ्ठी द्यायची. माझ्यासमोर. तुम्ही लिहा, हा सही करेल.

डॉक्टर : हा घ्या, दवाखान्याचाच कागद. सांगा दत्ताराम, थोडक्यात.

दत्ताराम : अप्पा जॉबर यांस. मी इस्पितळात जातंय. लवू पण आजारी. तेव्हा माझ्या जोडीवर माझ्या वळखीच्या माणसाक...

शिवा : नाव नाय त्या माणसाला?

दत्ताराम : शिवा मोहिते यास उभो करा.

शिवा : शिवा बाळू मोहिते, रिंगखातं. डिसेंबरात दीक्षा घेतली, बौद्ध. तेही लिहा. नायतर अप्पा म्हणेल, मोहिते म्हणजे मराठा, आणि दुपारच्या सुट्टीत पुन्हा तीच कहाणी.

डॉक्टर : लिहिलं. पुढे?

दत्ताराम : लवू उठलो की जोडी तेका...

शिवा : कबूल. जोडी तुझी आहे, मला नको. पण मग मी कुठं जायचं?

दत्ताराम : ...लिवा डॉक्टर. लवू उठल्यार शिवाक साच्यातच बदली चालू ठेवा. जी जोडी रिकामी पडात, ती. रिंगखात्यात परत धाडू नका. आणि... जरा पाणी.

शिवा : हे घे. हळू. एकदम नको.

डॉक्टर : बाकीचं इस्पितळातून लिहू आपण.

दत्ताराम : नाय. आत्ता. साचेवाल्यांक वाचून दाखवा. शेचाळीस... नाय, एकूणपन्नास साली पयली हरकत घेणारो मी, दत्ताराम घाडी. शिवाक बघून कोणाक एक पण साचो बंद करूचो असलो, तर माझ्या तोंडार येवन सांगा. मी परळाक असा. हाड मेल्यांनो. तां लिवू नका.

डॉक्टर : लिहून झालं.

दत्ताराम : काढू नका मग. खंय सही करू?

डॉक्टर : इथे. पुरे. आता उठायचं. हातरुमाल तोंडाला बांधतो. श्वास शिवाच्या अंगावर सोडू नका. शिवा, तुम्हीही पंचा बांधा.

शिवा : बांधला. लवूकडे बघायला खानावळीच्या बकुळाबाईला सांगून आलोय, त्या पेज पाठवतील.

दत्ताराम : पयलो साचो जरा लाडावलेलो असा. सुरू होताना धागो खेचता. तेका...

शिवा : माहीत आहे. डाव्या बाजूनं दाबायचं.

दत्ताराम : तुका कसा माहीत?

शिवा : अर्धा दिवस त्याच्या शेजारी उभा होतो ना. हात टाक खांद्यावर. आणखी. घट्ट धर.

दत्ताराम : शिवा... कांडी आकडीनच ओढ हां. अप्पा घाई करीत, पण तोंड लावू नको.

शिवा : तोंड कसलं लावतोय, दत्ताराम. तुझे धोटे हातात घ्यायच्या आधी मी सोड्याच्या पाण्यानं धुऊन घेणार आहे.