पिसाळ सरांचा पसरणी घाट

मंडळी, ऐका! एक प्रश्न विचारतो. उत्तर मनातल्या मनात द्या — मोठ्यानं दिलंत तर शेजारचा ऐकेल! आपण रोज म्हणतो ना, 'देवा, एकदा भेट दे'? समजा, दिली! उद्या सकाळी तो खरंच दारात उभा राहिला, तर? आनंदानं पुढं धावाल? की — खरं सांगा — मागच्या दारानं पळाल?

हसू नका! एकावर हा प्रसंग आलाय.

वाईला, कृष्णाकाठी, पिसाळ सर राहायचे. हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. नाव काय, तर प्रभंजन! प्रभंजन म्हणजे सोसाट्याचा वारा! आईबापांनी मोठ्या आशेनं ठेवलेलं. आणि स्वारी सायकलनं शाळेला निघाली की पंधरा मिनिटं लागायची. चालत बारा!

पण सायकल? अहाहा! सांगाडा कार्बनचा — एका हातानं उचला! गियर असे की बटण दाबलं की आपोआप बदलणार. सीटला मधोमध फट. कशाला? तर हवा खेळावी म्हणून! कुठं खेळावी ते विचारू नका, मायमाउल्या बसल्यात.

हे सगळं शिकवलं कुणी? गुरूंनी! गुरू कुठं? मोबाइलमध्ये! एक नॉर्वेचा दाढीवाला, बर्फातून सायकल हाणणारा. त्यानं रुंद टायर लावले, सरांनीही लावले. वाईत बर्फ? अहो, वाईत बर्फ फक्त रसवंतीत! मग एका जपानी काकांनी अरुंद टायर लावले — झालं, सरांनी रुंद काढले, अरुंद चढवले! टायर चढायचे, उतरायचे. सर मात्र जागेवर!

पण खरं आराध्यदैवत एकच. पोलंडची आग्नेष्का. एकटी बाई, सायकलवरून जग फिरायला निघालेली. तिचा व्हिडिओ आला की सर तीन-तीनदा बघायचे, ताटातली भाकरी गार! शैलजावहिनी म्हणायच्या, "अहो, तिनं वाळवंट ओलांडलं. तुम्ही उंबरा ओलांडा आणि दळण आणा!"

आणि व्हिडिओखाली सरांची कॉमेंट ठरलेली. एकदा काय झालं, भक्तीच्या भरात लिहून बसले — 'ताई, मीसुद्धा रोज पहाटे आमचा पसरणी घाट चढतो.'

रोज! पसरणी घाट! वाईतून पाचगणीला चढणारा, एसटीत बसल्या-बसल्या माणसाला मळमळतं, तो घाट! सर तो सायकलवर किती वेळा चढले होते? शून्य! टेम्पोतून, वऱ्हाडाबरोबर — एकदा!

बाईचं उत्तर आलं, मग वर्षभर निरोपांची ये-जा चालली आणि थाप तशीच राहिली. पण तपासायला कोण येतंय? व्हिडिओत बाई अजून इराणात!

मंडळी, व्हिडिओ मागं असतात, बाई पुढं असते! एका मंगळवारी निरोप आला — 'कोल्हापूर सोडलं. गुरुवारी सकाळी वाईत पोचते. तुमचा रोजचा घाट बरोबर चढू.'

देव प्रसन्न! आणि भक्ताला दरदरून घाम!

सर आधी आजारी पडून बघायला लागले. वहिनींनी कपाळाला हात लावला — "ताप नाही. भीती आहे." मग सर साताऱ्याला पळाले, हलकी चाकं घेऊन आले. वहिनी म्हणाल्या, "तिथंच पाय बदलून देतात का, विचारायचं होतं!"

"शैला, थट्टा नको."

"मग लिहून टाका ना, खोटं बोललो म्हणून."

सर खाली बघत राहिले. "वर्षभर बोलतेय ती माझ्याशी. तिला वाटतं, इथं कुणीतरी तिच्यासारखं आहे. खरं लिहिलं, तर तिला सांगण्यासारखं माझ्याकडं दुसरं काय राहतं?"

 वहिनींनी त्या दिवशी पुन्हा थट्टा केली नाही.

गुरुवार उजाडला. दारात देवी! आणि देवीचं वाहन? लोखंडी! रंग उडालेला, सीटला चिंध्या गुंडाळलेल्या, मागं सुतळीनं पातेलं बांधलेलं! सर बघतच राहिले. बाईनं सरांच्या सायकलवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "किती स्वच्छ!"

ही स्तुती की चपराक, सरांना अजून कळलेलं नाही!

निघाले. पहिलं वळण — झोकात! दुसरं — बटण दाबलं, गियर हलका झाला. तिसरं — पुन्हा बटण. चौथं — दाबतायत, दाबतायत, आता हलकं व्हायला काही उरलंच नाही, फक्त सर उरले! छातीचा भाता, डोळ्यांपुढं काजवे. उतरले आणि कठड्यावर बसले. बाई पुढं गेली होती, ती वळून खाली आली.

दोघांचंही इंग्रजी मोडकं, त्यामुळं बोलणं सरळ झालं. सर म्हणाले, "मी खोटं लिहिलं. हा घाट मी कधीच चढलो नाही. एकदाही."

 बाईनं सायकल टेकवली, शेजारी बसली.

"निम्मे चढ मीसुद्धा ढकलतच चढते. ते व्हिडिओत घालत नाही. ढकलणारी बाई कोण बघणार?"

सरांना जरा हायसं वाटलं. पण ती थांबली नव्हती.

"तुर्कस्तानात कडाक्याची थंडी होती. तंबूतून बाहेर यावंसं वाटायचं नाही. तेव्हा मनात म्हणायचे, भारतातले ते मास्तर एव्हाना घाट चढून शाळेत पोचले असतील. आणि उठायचे."

ऐकलंत? देवी भक्ताच्या थापेवर चालत होती! सरांचे डोळे भरून आले.

ती उठली. "तेवढं खरं असायला हवं होतं, सर. चला, आज करू."

थोडं चालवलं, पुष्कळ ढकललं. एका वळणावर सर थबकले. खाली अख्खी वाई, धोम धरणाचं पाणी, समोर पांडवगड! एकोणीस वर्षं फळ्यावर हे डोंगर काढले, तेही कॅलेंडर बघून! अकराच्या सुमाराला वर पोचले. चहा झाला. ती महाबळेश्वरच्या वाटेला लागली आणि सरांनी तिथंच मोबाइल काढून त्या जुन्या कॉमेंटखाली जगाला दिसेल असं लिहिलं — 'हे खोटं होतं. आज पहिल्यांदा चढलो, बराचसा ढकलत.'

दुसऱ्या दिवशी पहाटे? छे! पाय हलेनात! तिसऱ्या दिवशी मात्र गेले. पाचव्या वळणापर्यंत.

आता तुमच्याकडं येतो! जपमाळ चांदीची झाली, देव्हाऱ्यात रंगीत दिवे लागले, मंदिराला संगमरवर बसला. आणि नाम? 'वेळ कुठं मिळतो, बुवा!' अहो, आरतीत तुम्ही रोज काय-काय कबूल करता! लोटांगण घालू, आलिंगन देऊ, तन मन वाहू! तो भोळा वर बसून सगळं खरं धरतोय! तुमच्या शब्दावर विसंबून कदाचित निघालाही असेल. कोल्हापूर सोडलंही असेल! त्याला खोटं पाडू नका, एवढंच मागतो. वाजवा हो मृदंग! आणि मंडळी — या वेळी ओठ हलवून भागायचं नाही, आवाज येऊ द्या!