कुंडलिकच्या खुर्चीवरून

आदरणीय अध्यक्षा ठकूबाई, व्यासपीठावरील मान्यवर, लेकीच्या निरोपासाठी निरगुडसरहून आलेले डॉ. श्रेयाताईंचे आईवडील, आणि सरकारी दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी बसून खोकलेल्या तमाम जुन्नरकरांनो, जय भीम, रामराम.

भाषणानं बदली रद्द होत नाही, हे ठाऊक असूनही मी उभा आहे. पण मी उभा आहे, ते या ताईंमुळेच.

दोन वर्षांपूर्वी माझ्या बोटांना सदऱ्याचं बटण लागेना. चप्पल पायातून निसटली तरी कळेना. आमच्या रत्नाबाई म्हणाल्या, "सभेत टेबल बडवून हात बधिर झालेत." ताईंनी मात्र मला मुठी मिटायला लावल्या, सरळ रेषेत चालवलं आणि मानेचा एमआरआय करायला पाठवलं.

रिपोर्ट यायचा होता म्हणून मी दवाखान्यासमोरच्या कुंडलिककडे दाढीला बसलो. दाढीनंतर मान मोडून घेतल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही, हा आपला रिवाज. त्यानं हनुवटी धरली, तोच दारातून रिपोर्ट घेऊन आलेल्या ताईंचा आवाज आला, "कुंडलिकभाऊ, हात काढा."

"मॅडम, दोन झटकं फकस्त. लई मोकळं वाटतं."

"त्या झटक्यानं हे कायमचे अंथरुणाला खिळतील."

कुंडलिकनं हात काढले. मग हळूच म्हणाला, "त्वांड तरी पुसू का?"

मणक्यांना आतून बांधणारा लवचीक पट्टा माझ्या मानेत हाडासारखा कठीण झाला होता. मज्जारज्जू त्याखाली चेपत होता. पुण्यात ऑपरेशन झालं. पुढे कितीतरी महिने ताईंनी मला जुना सदरा देऊन बटणं लावायला बसवलं. मी चिडायचो. त्या म्हणायच्या, "काका, भाषण नंतर. आधी काज."

मित्रहो, मी जन्मभर सांगत आलो की प्रश्न विचारा. मग मान दुखली की आपण दिसेल त्याच्या हाती डोकं का देतो? आणि ताईंच्या जागी उद्याच डॉक्टर हवा, हे ठणकावून मागायला का कचरतो? दवाखाना हा उपकार नव्हे, हक्क आहे. त्या हक्कापलीकडे ताईंनी जे दिलं, त्याचे आभार मात्र मानावे तेवढे थोडे.

माझी मान आता फारशी वाकत नाही. म्हणून ताई, हात जोडतो. आज हा सदरा मी स्वतः घातलाय, रत्नाबाईंना हात लावू दिला नाही. एखादं बटण चुकीच्या काजात गेलं असेल, तर बोलण्यातल्या चुकांबरोबर तेवढंही पोटात घाला.