गोऱ्या बाईचं मरण

(पलूसजवळचं एक गाव, १९७४. शाळेच्या ओसरीवर यात्रेच्या नाटकाची तालीम. नाटक लिहिलंय आणि बसवलंय पलटणीतून परतलेल्या आकारामतात्यांनी. सांगलीहून कंत्राटावर आलेल्या शालूबाईंनी हातातली पिशवी अजून खाली ठेवलेली नाही. त्यांना कबूल केलेली भूमिका कराडच्या अंजनाला गेल्याचं त्यांना आत्ताच कळलंय. अंजनाही तिथंच आहे.)

तात्या : सांगून कुणाला खरं वाटायचं न्हाई शालूबाई, पर त्यो घोडेवाल्यांचा इंग्रजी पिक्चर मी सतरा येळा बघितलाय. झाशीला, पलटणीत. पडदा फाटला, पर मी उठलो न्हाई. शेवटाला कर्नलसायबानं खुर्चीवर माझं नाव रंगवून घेतलं. त्याच पिक्चरवरनं हे नाटक बेतलंय म्या.

शालूबाई : खुर्चीचं राहू द्या. पत्रात काय लिहिलं होतंत? ‘खानावळवालीचं काम तुमचं.’ आणि इथं येऊन बघते तर माझ्या वाट्याला हिरोची आई!

तात्या : आवं, आईचं काम म्हंजे सोनं! पिक्चरमधी ती म्हातारी बोलली किती? अकरा वाक्यं. पर लेक गेल्यावर दारात हुबी राहून घोड्याची धूळ बघती, तवा आख्खी पलटण रडली. सुभेदार-मेजरच्या पिळदार मिशा भिजून हनुवटीखाली आल्या.

शालूबाई : आणि खानावळवाली?

तात्या : पिक्चरमधी तिचा दारूचा गुत्ता व्हता. यात्रा देवाची, म्हून म्या खानावळ केली. तिचं काय... बरी व्हती. चार बाटल्या पुसायच्या, एक गोळी खायची. त्यात काय हाय?

अंजना : आँ? काल मला काय सांगत होता? आई नुसती खांबागत हुबी असती, सगळा भाव खानावळवालीनंच खाल्ला म्हणून!

तात्या : तसंबी हाय.

शालूबाई : नक्की ठरवा. दोघींत सरस कोण?

तात्या : दोघीबी.

शालूबाई : मग आई द्या हिला. सोनं आहे म्हणता ना?

अंजना : मी आई? तुमच्याहून लहान हाय मी, दिसत न्हाई?

शालूबाई : दिसतं की. तीन वर्षांमागं कुंडलला एकोणीस सांगितलं होतंस. यंदाही एकोणीसच आहे ना?

अंजना : मला बघाय माणसं येत्यात. तुमाला बघाय कोण येतंय?

तात्या : भांडू नगा गं बायांनो. पिक्चरमधीच तसं हाय. आई पिकल्याली, खानावळवाली तरणी. गोऱ्यांचा कायदाच हाय त्यो, आपुन काय करणार?

शालूबाई : कायदा गोऱ्यांचा नव्हे, तुमच्या मंडळाच्या पोरांचा. हिचा फोटो हँडबिलावर छापून झाला असेल. तोंडावर सांगा की तसं.

तात्या : फोटोचा काय संबंध? आन् त्यो लय न्हान छापलाय.

शालूबाई : ऐका तात्या. बावीस वर्षं कंत्राटं घेते मी. आमच्यात बाईनं एकदा डोक्यावर पांढऱ्या केसांचा टोप चढवला, की ती बातमी एसटीच्या आधी पुढच्या गावाला पोचते. मग राणी विचारत नाहीत, नर्तकी विचारत नाहीत. ‘एक आई आहे, येता का?’ एवढंच. टोप एकदा चढला की उतरत नाही.

अंजना : मग घरी बसायचं.

शालूबाई : तू बसशील तेव्हा मी भाकरी घेऊन येईन. तात्या, सतरा वेळा बघितलंत ना? मग सांगा, त्या तरण्या बाईनं असं काय केलं, जे मला जमणार नाही? पटलं तर आत्ता टोप चढवते. पुन्हा तोंड उघडणार नाही.

तात्या : ऐका तर. गोळी सुटती हिरोवर, ही मधी येती. पर वरडत न्हाई! हितंच खुबी हाय. गिऱ्हाइकाकडं बघून हसती. हातातलं ताट आदी नीट खाली ठेवती, पेला कलंडू देत न्हाई. मग चालत जाऊन कंदिलाची वात बारीक करती, जणू बंद करायची येळ झाली. मग दाराला पाठ टेकून हळूहळू खाली बसती, आन् पदर गुडघ्यावर सारखा करती.

अंजना : पदर? गोऱ्या बाईला?

तात्या : झगा! झगा म्हणायचं व्हतं मला. जीभ वळली. अंजे, तू काल मरताना लोळलीस, बोंबललीस, ते चालायचं न्हाई. ताट, वात, समदं असंच पायजे. तिच्यागत.

शालूबाई : बसल्यावर मान कुणीकडं टाकते, तात्या?

तात्या : डावीकडं.

शालूबाई : डावीकडंच का?

तात्या : आता ते मला काय ठावं? विलायतेची रीत असंल.

अंजना : रीत न्हवं. उजव्या अंगाची पेट्रोमॅक्स भडकली होती.

तात्या : गप बस. पिक्चरमधी पेट्रोमॅक्स कुठली?

अंजना : पिक्चरमधी न्हाई, औंधाच्या यात्रेत. मी परकरात होते, पार पुढं बसले होते. ताट, वात, पदर, समदं बघितलंय मी. लोकं टाळ्या वाजवायची इसरली होती. तात्या, तुमी कसलाबी पिक्चर बघितला न्हाई. तुमी तिथं ह्या शालूबाईला बघितलंय, आन् तिचंच मरण मला शिकवाय लागलाय. मी नक्कल करायचं कंत्राट घेतलेलं न्हाई. जिचं हाय, तिलाच द्या.