मशीन चालू आहे तोवर

— नाही हो काका, बाहेर नका येऊ, पॅन्ट अजून बाबांच्या मशीनवरच आहे! बसा तिथंच स्टुलावर, ट्रायल रूमची कडी लावून. शिवण उसवली त्यात लाजायचं काय — बसताना उसवली ना? बसतानाच उसवते. उभ्याउभ्या उसवलेली अजून आमच्याकडे आलेली नाही. मी इथंच आहे दाराशी, इस्त्री करतेय, कंटाळा आला तर बोला. नाही बोलायचं? बरं, मग मी बोलते. फक्त एक — मशीनचा घर्र घर्र आवाज येतोय ना, तो चालू आहे तोवरच हं. थांबला की मी गप्प.

तर उद्या माझी मुलाखत आहे. कॉलेजात, परगावी. बारावीला मार्क चांगले पडले, माझ्याकडे बघून वाटणार नाही इतके — तुम्हाला मी दिसतच नाहीये म्हणा. तिथं विचारतात म्हणे, कॉलेजला का यायचंय? मैत्रीण म्हणाली, ज्ञानाची ओढ आहे म्हणून सांग. सांगून बघू? 'मला लहानपणापासून ज्ञानाची—' हसलात ना? ऐकू आलं मला! खरं कारण सांगू का? परक्या माणसाला सांगायला बरं असतं, आणि तुम्ही पॅन्टशिवाय कुठं जाऊन सांगणार! तर खरं कारण म्हणजे — थांबा. थांबलं मशीन.

— बाबा, आई म्हणते, काकांना घाई आहे!

हं, झालं सुरू. बघितलंत? म्हणजे ऐकलंत? आई तिकडे टेबलाशी काजं करतेय, बाबा इकडे मशीनवर, मध्ये अंतर चार हातांचं. आई म्हणाली, 'सांग तुझ्या बाबांना, काकांना घाई आहे.' बाबांना ऐकू गेलं नसेल? गेलंच! पण मी परत सांगेपर्यंत पाय हलला नाही त्यांचा. मी चौथीत असल्यापासून हे असं. एका गिऱ्हाइकाचा कोट होता — आईनं खडूनं आखला, बाबांनी कापला, आणि झाला आखूड. आई म्हणे, रेघेच्या आतून कापलं. बाबा म्हणे, रेघच चुकली. संध्याकाळपर्यंत मिटेल वाटलं होतं मला. कसलं मिटतंय! लोक ध चा मा करतात, मी मा चा ध करत आलेय. आई म्हणाली, 'विचार त्यांना, डोळे फुटलेत का,' की मी सांगते, 'बाबा, आई म्हणते चष्मा लावा.'

काय म्हणालात — प्रेम नाही? छे, भरपूर आहे! आईला खोकला आला की बाबा मला म्हणतात, 'विचार, पाणी हवंय का,' आणि ग्लास त्यांनीच भरून ठेवलेला असतो. वैताग माझा होतो हो. माझं प्रत्येक वाक्य 'आई म्हणते' नाहीतर 'बाबा म्हणतात'! परवा रस्त्यात एकानं वेळ विचारली, मी म्हटलं, 'आई म्हणते, पाच वाजले.' हसू नका. बाबा म्हणतात वकील हो, आई म्हणते शिक्षिका हो — तेसुद्धा एकमेकांना माझ्याकडूनच कळलं. मला भूगोल शिकायचाय. पण ते कोण सांगणार? त्यांचे निरोप मी नेते, माझा कोण नेणार?

मुलाखतीचं माहीत आहे दोघांना. हॉस्टेलचं नाही. त्यांना वाटतंय, रोज बसनं ये-जा करीन. सांगायचं धाडसच होत नाही. मी गेले आणि हे असेच बसून राहिले तर? आई माप घेणार आणि सांगणार कुणाला — इस्त्रीला? रडू येतं त्या विचारानं, खरंच येतं. पण मी इथं राहिले तर हे कधी सुटणारच नाही, मीच तर सोय करून ठेवलीय त्यांची! ज्ञानाची ओढ गेली खड्ड्यात — कुणीतरी मला विचारावं, तुला काय वाटतं, म्हणून जायचंय मला! आणि मी नसले की या दोघांना एकमेकांकडे तोंड करावं लागेल, म्हणून जायचंय! आणि मी जाणार, हॉस्टेलला राहणार, चार-चार महिने येणार नाही, मग बघू दे कोण कुणाला —

काका.

मशीन कधी थांबलं?

बराच वेळ झाला? आणि तुम्ही ऐकत बसलात? दारावर टकटक तरी करायची! आता काय करू मी — श्श. आईनं सुई ठेवली. उठली. बाबांकडे बघतेय, सरळ... 'अहो,' म्हणाली. अहो म्हणाली हो काका! 'अहो, ऐकलंत का, ही काय म्हणतेय?' बाबा माझ्याकडे बघतायत. मी नाही बघणार. मी इस्त्री करतेय, ही कॉलर किती चुरगळलीय बघा, मी काही बघतच नाहीये...

'ऐकलं,' म्हणाले. तिलाच म्हणाले. 'थंडी असते तिकडे. कोट लागेल हिला. तू आख, मी कापतो.'

काका, पॅन्ट दारावरून टाकते, झेला. नाही, बाहेर नका येऊ. घातली तरी नका येऊ. असेल घाई. बसा.