आत्याचा आजार रिपोर्टात नव्हता

जमलेल्या सगळ्या वडीलधाऱ्यांना आणि आत्याच्या शाळेतल्या बाईंना, सरांना नमस्कार. तुम्ही आपापली कामं सोडून आत्याच्या शोकसभेला आलात. माझ्या आधी जे बोलले, ते तिच्या शिकवण्याबद्दल बोलले. मला तिच्या पाठीबद्दल बोलायचंय. मधेच आवाज अडकला तर थोडं थांबा. मी परत सुरू करीन.

मी वैशाली. निर्मलाबाई माझी आत्या, बाबांची थोरली बहीण. जिंतूरला शाळेत भूगोल शिकवायची. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ती आठवते ती वाकलेलीच. मला मात्र ती ताठ चालतानाही आठवते. लुगड्याचा कासोटा घालणाऱ्या आमच्या आजीपेक्षाही भराभर चालायची. गल्लीत तिच्या बरोबरीनं चालायचं म्हणजे मला पळावं लागायचं.

मग तिची कंबर दुखायला लागली. हे दुखणं उलटं होतं. आपण दमलो की दुखतं, पडलं की बरं वाटतं. तिचं पडलं की वाढायचं. सकाळी अंथरुणातून उठताना भिंतीला धरून उठायची, अन् अंगणात फेऱ्या मारल्या की अंग मोकळं व्हायचं. दुपारी शाळेत चांगली दिसायची. म्हणून कुणाला खरं वाटायचं नाही. खरं सांगा, तुम्हाला तरी वाटलं होतं का? सकाळी जिला उठवत नाही, ती दुपारी फळ्यावर नकाशा काढते, हे कुणाला पटणार?

दवाखाने झाले. कुणी म्हणालं नस दबलीय, कुणी म्हणालं वयाचं आहे, वजन कमी करा. मग एका डॉक्टरांनी रक्ताची एक तपासणी सांगितली. एचएलए-बी२७ म्हणतात तिला. मणक्याला आतून सूज येण्याचा एक आजार असतो. आपल्याच शरीराची राखण करणारी ताकद आपल्याच सांध्यांवर उलटते. तो आजार असणाऱ्या पुष्कळ जणांच्या रक्तात ही खूण सापडते. आत्याच्या रक्तात ती सापडली नाही. रिपोर्ट निगेटिव्ह.

घरात पेढे आणले होते त्या दिवशी. आत्याचे यजमान, आमचे मामा, इथं पुढं बसलेत. त्यांना आठवत असेल. आत्यानं पेढा हातात धरला अन् म्हणाली, "रिपोर्ट चांगला आला. मग मला दुखायलंय ते काय हाय?"

त्या दिवसापासून तिचं तोंडच बंद झालं. कण्हली की कुणीतरी म्हणायचं, रिपोर्ट तर चांगला आहे. रजा मागितली की, रिपोर्ट तर चांगला आहे. बाईमाणसाच्या मनाचं असतं, असंही म्हणून झालं. मामांनी तसं कधी म्हटलं नाही. ती आतल्या आत दुखत राहिली आणि तिचे मणके एकमेकांना चिकटत गेले. पाठ वाकली. मग मान वळेना. रस्त्यावरून कुणी हाक मारली तर ती अख्खी फिरायची. तुमच्यातले काही हसले असतील. मीही हसले असेन, लहान होते.

खूप उशिरा एका मोठ्या शहरातल्या सांध्यांच्या डॉक्टरांकडं मामा तिला घेऊन गेले. मी सोबत होते. त्यांनी तिला चालायला लावलं, वाकायला लावलं, सकाळचं सगळं विचारलं. एमआरआय बघितला. मग म्हणाले, "बाई, आजार तोच आहे. रक्तात खूण नाही म्हणजे आजार नाही, असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

आत्या म्हणाली, "सगळ्यांनीच."

तिथं ती रडली. उपचार सुरू झाले. सूज उतरली, दुखणं कमी झालं. पण चिकटलेले मणके सुटत नसतात. डॉक्टरांनी ते स्पष्ट सांगितलं. येताना बसमध्ये खिडकीशी बसून ती म्हणाली, "वैशू, दार उघडलं गं. पण मला बाहेर निघता येईना."

आता माझं सांगते. आई, तू खाली बघू नकोस.

माझं लग्न जमत आलं होतं. मुलाकडच्यांनी आत्याला पाहिलं आणि मुलीची ती रक्ताची तपासणी करून आणा म्हणाले. केली. माझा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. मला काही दुखत नव्हतं. आजही दुखत नाही.

आत्याला कळलं तशी ती देवगाव फाट्याला आमच्या घरी आली. मुलाकडचे पाहुणे बसलेलेच होते. ती त्यांच्यासमोर खुर्चीत बसली. तिला त्यांच्या तोंडाकडं नीट बघताही येत नव्हतं, डोळे तेवढे वर करून बोलली.

"माझ्या रक्तात ती खूण न्हाई. अन् माझी मान वळत न्हाई. हिच्या रक्तात हाय, अन् ही तुमच्यासमोर वाकून चहाचे कप उचलायलीय. अशी खूण असलेली लय माणसं आयुष्यभर ठणठणीत राहतात. आता सांगा, रिपोर्ट बघून काय ठरवणार?"

मुलाचे वडील म्हणाले, "मग ही तपासणी करतातच कशाला बाई?"

"दुखणाऱ्याच्या डॉक्टरला वाट दाखवायला. न दुखणाऱ्या पोरीला नापास करायला न्हाई."

चहा पिऊन ते उठले. नंतर निरोप आला, जमणार नाही.

तेव्हापासून आमच्या घरात त्या रिपोर्टबद्दल कुणी बोलत नाही. आईनं मला शपथ घातली, कुठं बोलायचं नाही. मी रोज सकाळी डोळे उघडले की आधी कंबर चाचपते. आज दुखतंय का? आज सुरू झालं का? दुखत नाही म्हणून आनंद होत नाही, उद्याची धास्ती वाटते. आत्याला तिच्या निगेटिव्हनं कोंडलं, मला माझ्या पॉझिटिव्हनं. हे फक्त तिला कळायचं. ती म्हणायची, "दुखलं तर त्याच दिवशी सांग. न्हाई दुखलं तर जगून घे." सांगायला सोपं आहे. मला अजून जमत नाही.

मागच्या आठवड्यात ती न्हाणीत घसरली. साधं घसरणं. तुम्ही आम्ही कंबर चोळत उठलो असतो. चिकटलेली मान लवत नाही, ती मोडते. परभणीच्या दवाखान्यातून तिला पुढं मोठ्या दवाखान्यात नेत होतो. मी तिचा हात धरून बसले होते. वाटेतच तो हात सैल पडला.

आई, मी तुझी शपथ मोडते. माझा रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे. स्थळं आणणारी मंडळी इथं बसलेली आहेत, त्यांनी पुढं खुशाल सांगावं. सांगून मोकळं वाटेल असं मला वाटलं होतं. तसं वाटत नाही. फक्त आता लपवायचं राहिलं नाही.

आत्या, तुला माझा नमस्कार.

आता आपण थोडा वेळ शांत राहू. ज्यांना जमेल त्यांनी उभं राहा. ज्यांची पाठ दुखते, त्यांनी बसूनच राहा. आज तुम्हाला कुणी रिपोर्ट मागणार नाही.