जगाले समजू द्या, मेडशीले नको

...पण मी म्हणतो, आमचंच घर काहून? तुमाले सांगतो, शिरपुरात घरं काय कमी हायेत? मंदिरापासून तं पार पांदणीपर्यंत घरंच घरं, अन् त्या कम्प्यूटरले सापडलं कोणाचं, तं ह्या भागवतचं! अन् सापडलं कवा, तं मेडशीचे पाव्हणे आमच्या मंजुषाले पाह्याले सतरंजीवर येऊन बसले तवा. पोरीच्या हातात पोह्याच्या प्लेटा, माहा जीव टांगणीले, अन् दारातून आवाज, "काका, तब्येतीचा सर्वे हाये, येऊ का?"

रंजीता नाव तिचं. मानोऱ्याकडची पोरगी, गळ्यात कार्ड, खांद्यावर बॅग, बोलणं लय गोड. म्हटलं, माय, उद्या ये. तं म्हणते, "उद्या आमची गाडी दुसऱ्या तालुक्यात हाये काका." म्हटलं, मंग शेजारी लालसिंगकडं जा, त्याच्या घरी सगळेच बिमार हायेत, तुहं वर्षाचं काम एकाच दारात होऊन जाईन. तं म्हणते, "घर बदलता येत नाही, नियम हाये. जगात कोणती बिमारी किती लोकाईले हाये त्याचा अंदाज काढून राह्यले न काका. सगळ्याईले कोण इचारत बसन? म्हणून कम्प्यूटरनं थोडे घरं निवडले. तुमचं एक घर मंजे त्याच्यामागं हजारो घरं समजा."

आता सांगा, एक घर सांभाळता सांभाळता माह्या नाकी नऊ आले, अन् हे पोरगी हजारो घरं माह्या डोक्शावर ठेवून मोकळी!

तुमी म्हणसान, त्यात काय एवढं, सांगून टाकाचं. अहो, कसं सांगू? आमच्याकडं सोयरीक जमवताना पोरीचं शिक्षण मागून इचारतात, आधी घरात बिमारी कोणती ते काढतात. बापाले शुगर हाये असं समजलं की पोरीच्या रक्तातही धरतात, पोहे खातात, 'कळवतो' म्हणतात, अन् जे जातात ते जातातच. मंजूचं मांगचं स्थळ असंच गेलं. म्हणून मेडशीचं स्थळ आलं तवापासून मी गोळ्याच बंद केल्या. काहून? गावातला मेडिकलवाला मेडशीचा जवाई हाये! अन् ह्या खेपेले तं मंजूले पोरगा आवडला हो. विनोद नाव त्याचं. पोरगी तोंडानं बोलली नाही, पण सकाळपासून आरशासमोरून हालत नव्हती. म्हणून म्हणतो, जगाले समजू द्या, मेडशीले नाही समजलं पाहिजे.

मी त्या रंजीताले दारातूनच वाटेले लावत होतो, तं विनोदचे वडील, जगदेवराव, मोठ्या मनानं म्हणतात, "इचारू द्या न भाऊ, जगाचं काम हाये." अन् कान पुढं करून बसले!

"काका, घरात कोणाले शुगर?" नाही. "बीपी?" नाही बाप्पा. "दमा? टीबी?" छ्या. "घरात कोणी वारलं का? कायनं वारलं?" म्हटलं, बाप वारला माहा. पण त्याले काही झालं नव्हतं, तब्येत एकदम चांगली होती, चांगल्या तब्येतीतच वारला. जगदेवराव मान हालवून राह्यले, मले वाटलं सुटलो... तं रंजीता म्हणते, "आता बोट द्या काका."

तोंडाले कुलूप लावता येते, रक्ताले कसं लावू? टोचलं तिनं. मशीनकडं पाह्यलं. तिचा चेहरा असा उतरला, अन् हळूच म्हणते, "काका, जरा बाजूले येता का? खासगी बोलायचं हाये." अवो माय, पाव्हण्याईसमोर बाजूले बोलावलं मंजे दवंडीच पिटली न तू! काय खासगी राह्यलं त्यात?

गोठ्यात नेलं मले. म्हणते, "लय वाढली हाये काका. आजच्या आज दवाखान्यात जा." म्हटलं, आज कसा जाऊ, पाव्हणे बसले. तू तो आकडा पुस पहिले. "पुसता येत नाही, तो गेला." कुठं गेला? "आधी पुण्याले, मंग सगळ्या दुनियेच्या हिशोबात. पण तुमचं नाव नाही त्यात." म्हटलं, जाऊ दे दुनियेत, दुनियेले कुठं माही पोरगी द्यायची हाये? जगाले समजू द्या, मेडशीले नाही समजलं पाहिजे. तं त्या पोरीच्या डोयात पाणी आलं. म्हणते, "मजाक नाही काका. माहे बाबा असेच टाळत टाळत गेले." खोटं कायले बोलू, तवा मले भेव वाटलं.

पण सपरीत सतरंजीवर जगदेवराव वाटच पाहून राह्यले. "काय म्हणत होती हो?" म्हटलं, म्हणे पोरासारखी तब्येत हाये, चारचौघात सांगितलं तं नजर लागते, म्हणून बाजूले नेलं.

"वा वा! मंग तोंड गोड करा, पोरगी पसंत हाये आमाले," म्हणत त्याईनं अख्खा पेढा माह्या तोंडात कोंबला. काय करता? गियला. मंग मी त्याईले चारतो तं तोंडच उघडेना, जसं बैलाले औषध पाजून राह्यलो! तेवढ्यात जाता जाता रंजीता त्याईले म्हणते, "काका, तुमचीही तपासू का?" तं ह्या माणसानं हात कुर्त्यात लपवला. म्हणे, "आमचं घर कुठं निवडलं तुमच्या कम्प्यूटरनं? नियम मंजे नियम!"

अन् माही नजर दारात गेली. त्याईच्या चपला... काळ्या, मऊ, फुगीर, शुगरवाल्याईले दवाखान्यातून देतात त्या. अशीच माही जोडी बाजेखाली लपवली होती मी!

त्याईनं मले पाह्यलं, मी त्याईले पाह्यलं. समजलं दोघाईलेही. पण आधी कोण बोलन? मी त्याईची बिमारी काढली तं ते माही काढतीन, अन् मंजू तिकडं पडद्यामागं हसून राह्यली... लय दिवसानं हसली हो ते. म्हटलं, घ्या इवाई, आणखी एक घ्या. ते म्हणे, तुमी बी घ्या.

आता पुढं साक्षगंध, मंग हळद, मंग लग्न, अन् दर भेटीले पेढा. सोयरीक तं पक्की झाली. लेकरू खूश हाये. आता अक्षता पडेपर्यंत दोन्ही इवाई जिते राह्यले मंजे झालं.