यानाचा चौथा पाय

दवाखान्यात माझ्या शेजारी एक काका-काकू बसले होते. काकांच्या मांडीवर चंद्रावर उतरणाऱ्या यानाची छोटी कागदी प्रतिकृती होती.

“अहो, नीट धरा. पंख्याच्या वाऱ्याने उडेल.”

“उडायलाच केलंय ते.”

“थट्टा पुरे. पक्षाघातानंतर पहिल्यांदाच या हाताने कात्री चालवलीत तुम्ही. डॉक्टर बघतच राहतील.”

“त्यांना सगळं खरं सांगायचं हं. तीन पाय मी कापले, चौथा तू कापलास.”

“तेव्हा तुमचा हात भरून आला होता, म्हणून. एवढं कशाला सांगायचं? चारही तुमचेच म्हणा.”

“मुळीच नाही! चाळीस वर्षं लोकांचे कपडे बेतले मी. तो वाकडा पाय माझ्या नावावर नको.”